उलटा केलेला मोजा

स्टोअरच्या खिडकीला लोखंडी जाळी होती आणि त्या जाळीत हात जाईल एवढी एक फट. त्या फटीतून गेली सव्वीस वर्षं जपूनकाका कारखान्याला सामान देत आले होते. तेल असो, खिळे असोत, फडकी असोत की कटरचं नवं चाक असो, वस्तू बाहेर जायच्या आधी काका ती एकदा हातात तोलत आणि म्हणत, "जपून वापरा." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीखेरीज कुठेच उरलं नव्हतं. नव्या माणसाला तर ते आडनावच वाटे.

कारखाना काचेचा. म्हणजे काच बनवायचा नव्हे, कापायचा. मोठमोठ्या काचा ट्रकमधून यायच्या, लांब टेबलांवर आडव्या व्हायच्या आणि मापाप्रमाणे कापून खिडक्यांना, दारांना, दुकानांच्या दर्शनी भागाला निघून जायच्या. कापणारे अठरा जण. काच कापणाऱ्याच्या उजव्या हातात कटर असतो आणि तो हात उघडाच लागतो, कारण किती दाबायचं हे बोटांच्या टोकांना कळावं लागतं. डावा हात काच धरतो. ताजी कापलेली कड वस्तऱ्यापेक्षा वाईट, म्हणून मोजा डाव्या हाताला. काच उचलून न्यायची असली की उजव्यात फडकं धरायचं. ही रीत काकांच्याही आधीपासूनची, आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पण मोजे विकणारा काही डावे डावे निवडून देत नाही, तो जोड देतो. दर महिन्याला अठरा उजवे मोजे कोरे करकरीत शिल्लक राहायचे आणि स्टोअरच्या मागच्या भिंतीशी पोत्यात जमा व्हायचे. एक पोतं भरलं, दुसरं भरलं, तिसरं भरलं. दुसऱ्या कुणी ते कधीच वाटून टाकले असते. काकांचा जीव तुटायचा. पैसे मोजून घेतलेली वस्तू, एक टाका उसवलेला नाही आणि उपयोग शून्य. रोज सकाळी कुलूप उघडलं की पहिली नजर त्या पोत्यांवर जायची आणि दिवसाची सुरुवातच कडू व्हायची.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बायको दोरीवरचे कपडे काढून उलटे पायमोजे सुलटे करत बसली होती. काका समोर बसून नुसते बघत होते. बघता बघता ते ताडकन उठले. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये गेल्या गेल्या त्यांनी पोत्यातला एक उजवा मोजा काढला, बोटं एकेक करून आतून बाहेर काढली आणि तो डाव्या हातात घातला. बसला की! अगदी बेतल्यासारखा बसला.

मालकांनी सगळ्यांना गोळा करून काकांचं कौतुक केलं. नवे मोजे घ्यायचेच नाहीत, आधी पोती संपवायची, आणि पुढेही एका जोडात दोन माणसांचं भागवायचं. असा माणूस प्रत्येक खात्यात हवा, असं मालक म्हणाले आणि त्यांनी काकांना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं. काकांचा ऊर भरून आला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावाने वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच.

आता त्या मोज्याचं सांगतो. तो विणलेल्या कापडाचा आणि त्याच्या तळव्यावर खरखरीत रबराचा थर. काच पकडतं ते रबर. मोजा उलटा केला की रबर आत जातं आणि गुळगुळीत कापड बाहेर येतं. आत हाताला घाम सुटतो आणि बाहेर काच निसटते. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सव्वीस वर्षं सामान मोजणाऱ्या माणसाला कळलं नाही, कारण तो फक्त मोजे किती उरले ते बघत होता, हात बघत नव्हता. कापणाऱ्यांनी दोन-तीनदा येऊन कुरकुर केली. काकांनी त्यांनाच समजावलं, की रबर आहे ना, मग आत काय आणि बाहेर काय. लोकांनी मग वाद घालणं सोडून दिलं. ते महिन्याच्या महिन्याला रजिस्टरात सही करायचे, मोजा खिशात कोंबायचे आणि डाव्या हातातही फडकंच धरून काम उरकायचे. रजिस्टर मात्र चोख. एका माणसाची एक सही चुकलेली नाही.

त्या अठरा जणांत काकांचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी काकांच्याच शब्दावर लागलेला. बोलायला मोजका आणि हाताला सरळ, पट्टी न लावता काचेवर रेघ ओढायचा आणि ती केसभरही हलायची नाही. कारखान्यातले लोक त्याची गंमत करायचे की हा झोपेतही सरळ रेषेतच घोरत असेल. तो हसायचा आणि कामाला लागायचा.

दोन महिन्यांपूर्वी, सकाळी चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी, एका हॉटेलच्या दर्शनी भागाची मोठी काच टेबलावरून उचलताना मेहुण्याच्या डाव्या हातातून सटकली. खाली पडू दिली असती तर काच गेली असती, बस. पण चांगल्या कामगाराचा हात काच पडू देत नाही. त्याने ती पकडायला हात पुढे घातला आणि कड मनगटात, मोज्याच्या अगदी वरच्या बाजूला, आत शिरली. बोटं वळवणाऱ्या दोऱ्या तुटल्या, असं डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं. ऑपरेशन झालं, दोऱ्या जोडल्या, पण तीन बोटं पुन्हा पहिल्यासारखी उघडणार-मिटणार नाहीत हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

त्याच दुपारी स्टोअरच्या फटीतून एक मोजा आत आला. मेहुण्याच्या टेबलावर उभा केलेला बदली कामगार बाहेर उभा होता. जुना द्या, नवा घ्या, हा काकांचाच नियम होता, आणि त्या बिचाऱ्याने तो इमानेइतबारे पाळला होता. मोज्याचा काठ काळपट लाल होऊन कडक झाला होता. काकांनी सवयीने रजिस्टर उघडलं, एक जमा, एक नावे, असं लिहिलं आणि नवा मोजा बाहेर दिला. जपून वापरा, हे मात्र त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.

मग ऑफिसातून कागद आला. तसा साधाच कागद, छापील, खाली सहीपुरती जागा. कामगाराला नियमाप्रमाणे मोजा दिला होता, अपघात त्याच्या हलगर्जीपणामुळे झाला, असं स्टोअरकीपरने लिहून द्यायचं होतं. तेवढं झालं की हॉस्पिटलचं बिल आणि बसून राहिलेल्या दिवसांचा पगार कारखान्याच्या गळ्यात पडत नव्हता, आणि मेहुण्याला कामावर परत घ्यायचंही बंधन राहत नव्हतं. मुदत सोमवारपर्यंत. काकांच्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते. मुकादम कागद देताना हळूच म्हणाला की शेवटच्या वर्षात कशाला वाकड्यात शिरता. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तोही थकलेलाच माणूस.

काका घरी आले, बूट काढले आणि तसेच बसून राहिले. गुडघे दुखत होते, पण त्यांचं दुखणं रोजचंच. बायकोला त्यांनी कागदाचं सांगितलं आणि हेही सांगितलं की त्यात खोटं असं काही नाही, मोजा दिला होता, सही आहे. बायकोने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. भावाच्या अपघातापासून ती तशीही घरात मोजकंच बोलत होती. समोर बक्षिसाचं घड्याळ टिकटिक करत होतं.

"तुमचा तो उलटा मोजा बाकी कुणीच घालत नव्हतं," ती अखेर म्हणाली. "हा एकटाच घालायचा. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, भाऊजींनी दिलाय, मीच नाही घातला तर बरं दिसणार नाही."

 आपण मोजे वाचवले म्हणून चारचौघांत मिरवत होतो आणि ते मिरवणं हा पोरगा चार वर्षं हातावर वागवत होता, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत काकांनी फटीवरची झडप लावून घेतली, रक्ताचा मोजा कपाटातून काढला आणि आपली रजिस्टरं टेबलावर मांडली. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मालकांपुढे रडून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. मालक दुष्ट नव्हते, पण त्यांना रडणं कळायचं नाही, आकडा कळायचा. मग आकडाच काढू, असं काकांनी ठरवलं.

मोज्यांचं सोपं होतं. वर्षाला दोनशे सोळा जोड वाचले होते. नऊ हजार सातशे वीस. हा आकडा काकांना तोंडपाठ होता, दर वर्षअखेरीला ते तो मुद्दाम ऑफिसात सांगत. मग त्यांनी भंगाराचं रजिस्टर उघडलं. फुटकी काच वजन करून विकायचं कामही त्यांच्याचकडे. चार वर्षांपूर्वीपासून फुटक्या काचेचं वजन जवळपास पावणेदोनपट झालं होतं. आणि मौज अशी, की भंगाराचं उत्पन्न वाढलं म्हणून याच काकांनी तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, आपण कानाकोपरा झाडून माल गोळा करतो म्हणून. वजनावरून काचा काढल्या तर महिन्याला आठ काचा जास्त फुटत होत्या. वर्षाला शहाण्णव. एका काचेची किंमत धरली आणि भंगाराचे वर आलेले तीन हजार वजा केले, तरी एकोणसाठ हजार चारशे.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि बेरीज पुन्हा केली. तीच आली.

नंतर मलमपट्टीचं रजिस्टर. कापूस, पट्ट्या, जंतुनाशक, सगळं स्टोअरमधूनच जायचं आणि तेही काका हात आखडूनच द्यायचे. चार हजारांनी वाढलं होतं. हात कापून घरी बसलेल्यांचे दिवस हजेरीत होते, ते त्यांनी ऑफिसातून मागून आणले. पूर्वी वर्षाला चौदा, आता एकसष्ट. घरी बसलेल्याला त्याचा पगार आणि टेबलावर उभ्या केलेल्या बदलीला मजुरी. अठ्ठावीस हजार दोनशे. सगळं मिळून वर्षाला एक्क्याण्णव हजार सहाशे. एवढं घालवून त्यांनी दहा हजारसुद्धा वाचवले नव्हते. एकाला नऊ. तेही दर वर्षी, चार वर्षं, आणि त्यावर बक्षीस.

सगळे आकडे त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच कपाटात, एकमेकांना खेटून पडले होते. चार वर्षांत त्यांनी दोन रजिस्टरं एकाच वेळी कधी उघडली नव्हती. काकांना एकदम खूप थकल्यासारखं झालं. ते तसेच हाताची घडी घालून बसले. बाहेर कुणीतरी फटीवर टकटक केली, थांबला आणि निघून गेला.

मेहुण्याच्या अपघाताचा खर्च त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिला. हॉस्पिटल, ती फुटलेली मोठी काच, दीड दिवस बंद पडलेलं काम, हॉटेलची ऑर्डर उशिरा गेली म्हणून कापले गेलेले पैसे. बोटांचं काय लिहावं हे त्यांना कळेना. तिथे त्यांनी नुसतं 'तीन बोटं' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

सोमवारी ते मालकांच्या खोलीत गेले. छापील कागद त्यांनी भरला होता, पण स्वतःच्या शब्दांत. मालकांनी तो आधी वाचला. त्यावर दोनच ओळी होत्या: मोजा दिला होता. तो उलटा करून दिला होता. मालकांनी भुवया वर केल्या. तेव्हा काकांनी हिशेबाचा कागद पुढे सरकवला आणि खिशातून तो कडक झालेला मोजा काढून त्यावर ठेवला. रबर कुठल्या बाजूला आहे ते बोट लावून दाखवलं. 

मालकांनी मोजा बाजूला केला आणि कागद वाचला. एक्क्याण्णव हजारांपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी काकांकडे कॅल्क्युलेटर मागितला, सगळ्या बेरजा स्वतः केल्या, आणि त्या जुळल्यावर खुर्चीत मागे टेकून बसले. 

"ही कल्पना तुमची होती ना, काका?"

"माझीच."

"आणि घड्याळ मी दिलं होतं," मालक म्हणाले. मग त्यांनी छापील कागद उचलला आणि काकांच्या दोन ओळींखाली आपली सही केली.

त्यानंतर जे झालं ते अर्धं मनासारखं आणि अर्धं नाही, जसं बहुतेक वेळा होतं. हॉस्पिटलचं बिल कारखान्याने भरलं. मेहुण्याचा बसल्या दिवसांचा पगार निघाला. त्याला कामावरही घेतलं, पण कापायला नव्हे. तयार काचांवर मापाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला, आणि त्या कामाचा पगार कमी. काकांची शेवटची पगारवाढ कुणी काही न बोलता राहून गेली, तिच्याबद्दल त्यांनी कुणाला विचारलं नाही. आणि मोज्यांची नवी ऑर्डर गेली: मनगटाच्या वर चार बोटं जातील असे, दोन्ही हातांचे, उजवा काच उचलताना घालायला, महिन्याला पूर्ण अठरा जोड आणि वर उचलणाऱ्यांना वेगळे. कारखान्याला अक्कल आली ती माणसाच्या हाताकडे पाहून नाही, नऊपट या शब्दाकडे पाहून आली. पण आली, आणि काका त्यावर समाधान मानायला शिकले. घरातलं घड्याळ त्यांनी भिंतीवरून काढलं नाही. बायकोही काढा म्हणाली नाही.

नवे मोजे आले त्या दिवशी खिडकीपुढे रांग लागली. काका प्रत्येकाला जोड देत होते आणि हातात घालून बघायला लावत होते. कुणाला सैल झाला तर बदलून देत होते. रांगेतले दोघं-तिघं एकमेकांना कोपराने ढोसत होते, की काकांना आज झालंय काय. शेवटी मेहुणा आला. त्याच्याही नावावर जोड होता, चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यालाही काच धरावी लागतेच. त्याने सही केली. पूर्वी तो मोत्यांसारखं अक्षर काढताना डाव्या हाताने रजिस्टर दाबून धरायचा. आता ते कोपराने दाबलं.

उजवा मोजा त्याने दातांनी ओढून घातला. मग डावा घेतला. बोटं आत जाईनात. वळलेली तीन बोटं मोज्याच्या तोंडाशीच अडत होती. तो गुपचूप प्रयत्न करत राहिला, एकदा अंगठ्याकडून, एकदा करंगळीकडून, कपाळावर घाम येईपर्यंत. काकांना ओरडून सांगावंसं वाटलं की सोड. पण तो प्रयत्न का सोडत नाही हे त्यांना माहीत होतं. भाऊजींनी दिला होता.

शेवटी त्याने मोजा नीट झटकला, मोज्याची बोटं सरळ केली आणि फटीतून आत ठेवला.

"हा ठेवून घ्या, भाऊजी," तो म्हणाला. "उलटा केला तर कुणाला तरी उजव्या हाताला होईल. वाया जायला नको."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर काकांना बरं वाटलं असतं. तो खरोखरच काकांचा विचार करून बोलला होता, आणि बोलून झाल्यावर क्षणभर थांबला, काका नेहमीसारखं काही म्हणतील म्हणून. मग मेहुणा टेबलाकडे निघून गेला. रजिस्टर उघडंच होतं, पेन हातात होतं, पण जमेच्या रकान्यात काकांनी काही लिहिलं नाही. ते तो कोरा डावा मोजा हातात धरून रांग संपलेल्या खिडकीशी तसेच उभे राहिले.